माळा खाली, चंद्र वर: एका शनिवार-रविवारचं प्रकरण

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३. सकाळी सव्वाआठला सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होते, नवरा खाली हात वर करून उभा होता आणि माळ्यावरचं निम्मं सामान हॉलमध्ये उतरलेलं होतं. त्याने कोपराने फोन स्पीकरवर टाकला. "अरे, आज ग्रहण आहे ना? सव्वातीनला वेध लागतायत. त्याच्या आत या दोघं. संध्याकाळी नको."

संध्याकाळी पाचला जायचं ठरलं होतं. इथून पुढे जे काही झालं त्याचं हे प्रकरण.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत पॅकिंगचं नियोजन करते. बॅच उशिरा निघाली की आम्ही आधी एकमेकांवर ओरडतो आणि मग शांतपणे बसून लिहून काढतो: काय ठरलं होतं, काय झालं, गाडी कुठे अडली. घरच्या बाबतीत असलं काही करावं असं कधी मनात आलं नव्हतं. पण त्या रविवारी रात्री आम्ही दोघं एकमेकांशी न बोलता खिचडी खाल्ली. भांडण झालेलं नव्हतं. दोघंही चिडलेले होतो आणि कोणावर ते दोघांनाही सांगता येईना. म्हणून सोमवारपासून मेसेजच्या वेळा, यूपीआयचे व्यवहार आणि फोनमधले फोटो लावून तास जुळवत गेले.

हाच शनिवार का

आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो. तिसरा मजला, साडेचारशे फुटांचं वन बीएचके, आम्ही दोघंच. नवरा सहकारी बँकेत आहे. त्याला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. २८ तारखेला चौथा शनिवार होता. मंगळवारी दसरा झालेला, दाराचं झेंडूचं तोरण अजून उतरवलं नव्हतं, फुलं वाळून काळपट तपकिरी झाली होती. वसुबारस ९ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन रविवारी १२ ला. बँकेचा पुढचा सुट्टीचा शनिवार ११ नोव्हेंबर, म्हणजे ऐन दिवाळीत. दिवाळीच्या आधी दोघं पूर्ण दोन दिवस घरी असू असा हा एकच जोड होता. माझी कंपनी शनिवारी अर्धा दिवस चालते, मी रजा टाकली.

हे एवढं मी कॅलेंडर बघून काढलं होतं. त्याच कॅलेंडरवर २८ च्या चौकोनात बारीक अक्षरांत कोजागरी पौर्णिमा आणि खंडग्रास चंद्रग्रहण असं दोन्ही छापलेलं होतं. कामांची यादी मी फ्रिजवर त्या कॅलेंडरच्या बरोबर खाली चुंबकाने लावली होती. कोजागिरी दिसली, ग्रहण दिसलं नाही. नवऱ्याला दोन्ही दिसलं नाही, पण तो म्हणतो की त्याला यादीही दिसली नव्हती.

यादीत बारा कामं होती. शनिवारी माळा, पंखे, गोधड्यांना ऊन, वाणसामान, दादरला सासूबाईंकडे जाणं, येताना माहीमच्या कंदील गल्लीतून कंदील, रात्री गच्चीवर सोसायटीची कोजागिरी. रविवारी सकाळी लवकर कान्हेरी, दुपारी चकलीची भाजणी भाजून गिरणीत, इस्त्री, भंगारवाल्याला रद्दी, आणि दोन वाजल्यापासून भारत-इंग्लंड सामना. सामना मी लिहिला नव्हता. तो खाली वेगळ्या पेनने लिहिलेला होता. म्हणजे यादी त्याला दिसली होती.

माळा

सात वाजता माळा काढायला घेतला कारण ऑफिसात आम्ही तसंच शिकवतो: सगळ्यात अवघड काम आधी, अंगात जोर असतो तेव्हा. ऐकायला ठीक वाटतं. पुढे याच्यावर परत येते.

मुंबईच्या घरात माळा ही जागा नसते, तो पुढे ढकललेल्या निर्णयांचा ढीग असतो. झाडायला वीस मिनिटं लागतात. बाकीचा वेळ हातात वस्तू धरून उभं राहण्यात जातो. मिक्सरचं रिकामं खोकं, ज्याची वॉरंटी संपून सहा वर्षं झाली. थर्माकोलचं गणपतीचं मखर, २०१८ साली बंदी आल्यापासून न वापरलेलं आणि टाकवतही नाही असं. एक चाक नसलेली सूटकेस, तिच्यात दुसरी चाक नसलेली सूटकेस. आणि पितळेचा एक मोठा डबा, हिरवट डाग पडलेला.

तो डबा मी पदराने, म्हणजे जुन्या ओढणीने, पुसला तर झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली. 'लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट', खाली देणाऱ्या मावशींचं नाव आणि १९७८. सासूबाईंच्या लग्नातला. पूर्वी भांड्यांच्या दुकानातच माणूस छोटा हातोडा आणि खिळ्यासारखं हत्यार घेऊन बसायचा आणि टकटक करत नाव घालून द्यायचा. 'सप्रेम' मधला 'प्रे' त्याने आधी विसरून नंतर वरच्या बाजूला बारीक करून बसवला होता. या डब्यापाशी आमची दहा मिनिटं गेली. ती वाया गेली असं मी नोंदीत लिहिलेलं नाही.

फोन आला तेव्हा तीन वाटा होत्या. सामान परत वर टाकायचं, आहे तसं सोडायचं, किंवा घाईने संपवायचं. नवरा म्हणाला, "होऊन जाईल." आम्ही तिसरी वाट धरली. पण घाईने हात चालतो, निर्णय होत नाहीत. सव्वाबारापर्यंत माळा पुसून कोरडा झाला आणि खाली तीन ढीग झाले: ठेवायचं, द्यायचं, भंगार. शिवाय चौथा, त्याला नाव नव्हतं आणि तो सगळ्यांत मोठा होता. सोफा दिसेनासा झाला. गादीवर गोधड्या. टीव्हीच्या पुढ्यात सूटकेस. अंगावर धुळीचा थर, म्हणून दोघांच्या आंघोळी.

धुळीबद्दल एक सांगायला हवं. शेजारच्या प्लॉटवर टॉवर चढतोय. त्याच आठवड्यात, २५ तारखेला, महापालिकेने धुळीसाठी बांधकामांना नियम घातले होते. सत्तर मीटरहून उंच इमारत असेल तर भोवती पस्तीस फुटी पत्रे लावा, पाणी मारा, ट्रक झाका वगैरे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पत्रे लागले असते तर फायदा झाला असता. त्या शनिवारी लागलेले नव्हते आणि मी पुसलेल्या खिडकीच्या गजावर दुपारपर्यंत पुन्हा बोट उमटत होतं.

दादर, तीन वाजून नऊ मिनिटं

बारा पन्नासला घरातून निघालो. गोरेगाव ते दादर धीम्या लोकलने एरवी पाऊण तासाच्या आतलं काम. पण पश्चिम रेल्वेचं खार ते गोरेगाव सहाव्या मार्गिकेचं काम चालू होतं आणि २७ तारखेपासून रोज शेकडो लोकल रद्द होत होत्या. शनिवारची दुपार, बरीच ऑफिसं बंद, तरी फलाटावर सोमवार सकाळसारखी गर्दी. दोन गाड्या सोडल्या. तिसरीत मी लेडीजमध्ये, तो जनरलमध्ये, दोघंही दारातच. दादरला उतरलो तेव्हा दोन पंचवीस झाले होते. बाहेर ऑक्टोबरचं ते पांढरं ऊन, ज्यात सावलीतसुद्धा डोळे मिटावे लागतात.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी: आश्विन पौर्णिमेला थोरल्या अपत्याला ओवाळतात. आमच्याकडे त्याला 'आश्विनी' म्हणतात. मुलगा एक्केचाळीस वर्षांचा असला तरी तो थोरलाच. सासूबाईंनी पाट मांडून ठेवला होता, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी आणि त्यांची स्वतःची अंगठी. नवरा पाटावर बसला. आंघोळ करूनही त्याच्या डाव्या कानाच्या पाळीमागे माळ्याची काळी रेघ राहिली होती. सासूबाईंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं, आणि मग न बोलता पदराचं टोक ओलं करून ती रेघ पुसली. त्याने लहान मुलासारखी मान तिरकी केली.

"जेवून घ्या पटकन," त्या म्हणाल्या. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. आम्ही दोघंही वेध पाळत नाही. हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना ते माहीत आहे हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे या विषयावर कधी बोलणं होत नाही. तीन वाजून नऊ मिनिटांनी ताकभाताचा शेवटचा घास झाला. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सुटला. प्रकरणाच्या दृष्टीने हे नोंदवते की दोन दिवसांतलं वेळेत झालेलं हे एकच काम आणि ते आमच्या यादीत संध्याकाळी होतं.

मी पितळी डब्याचा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "मावशीने दिलेला. यात मी तुझ्या नवऱ्यासाठी डिंकाचे लाडू लपवून ठेवायचे. माळ्यावर टाकलात होय?"

कंदील आणि टॅक्सी

माहीमची कंदील गल्ली लवकर आटोपली. दिवाळीला दोन आठवडे होते, माल नुकता टांगलेला, गर्दी कमी. कामट्यांचा, जिलेटीन कागदाचा, खाली झिरमिळ्या असलेला षटकोनी कंदील, सांगितला सातशेला, दिला साडेपाचशेला. नवऱ्याला घडीचा कापडी हवा होता, कारण तो पिशवीत मावतो. त्याचं बरोबर होतं. कामट्यांचा कंदील घेऊन त्या दिवशीच्या लोकलमध्ये शिरणं म्हणजे कामट्या घेऊन उतरणं. म्हणून टॅक्सी.

टॅक्सीत बसताना त्याचा मूड गेला, कारण ती वॅगन आर होती. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा रविवार हा काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा रस्त्यावरचा अधिकृत शेवटचा दिवस. ही बातमी त्याला बँकेतल्या कोणीतरी दिली होती आणि दिवसभर त्याचा एक डोळा रस्त्यावर होता. पद्मिनीतून लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून गेटवेला गेल्याचं तो सांगत होता. मी कंदील मांडीवर धरून बसले होते. माहीम ते गोरेगाव एक तास पंचवीस मिनिटं.

गच्ची

आमच्या सोसायटीत छत्तीस घरं. कोजागिरीच्या दुधाची जबाबदारी यंदा आमच्या मजल्यावर. वीस लिटर सांगितलं होतं. सकाळपासून ग्रुपवर वेधांवरून जुंपली होती. एक गट म्हणे दूध शुक्रवारीच करायला हवं होतं, एक म्हणे तुळशीचं पान घातलं की चालतं, एक म्हणे चंद्राला काय कळतंय. तिसऱ्या मजल्यावरच्याच काकूंनी शेवटी लिहिलं, "ज्यांना प्यायचं त्यांनी प्या, ज्यांना नाही त्यांनी गाणी म्हणा." वीसचं चौदा लिटर केलं.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे आम्ही आठ वाजताच वर गेलो. खरं तर सामान वर टाकायला तो दीड तास होता. टाकलं नाही. दार उघडून ढीग बघितला, दिवा बंद केला आणि दार लावलं.

दूध आटवणं हे सोडता न येणारं काम आहे. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळी, बदाम-पिस्त्याचे काप हे सगळं नंतरचं. मुख्य गोष्ट म्हणजे चौदा लिटरच्या पातेल्यात उलथणं तळाला लागून सतत फिरलं पाहिजे. नवऱ्याची पाळी होती तेव्हा शेजारी कोणीतरी फोनवर नेदरलँड्सने बांगलादेशला हरवताना बघत होतं. कोलकात्यात ८७ धावांनी हरवलं, बघण्यासारखं होतं हे मान्य. दूध खाली लागलं. वरचं दुसऱ्या पातेल्यात काढून घेतलं, जायफळ जास्त घातलं, कोणी काही बोललं नाही. लहान मुलं तर मागून मागून प्यायली.

साडेअकराला बहुतेक जण खाली गेले. आम्ही दोघं आणि पाचव्या मजल्यावरची दहावीतली मुलगी राहिलो. तिला ग्रहण बघायचं होतं. आम्हाला खाली जायचं नव्हतं. एक वाजून पाच मिनिटांनी स्पर्श. चंद्र इतका वर होता की सतरंजीवर पाठ टेकल्याशिवाय नीट दिसेना. शेजारी गुरू ठसठशीत. पाचदहा मिनिटं काहीच कळलं नाही. मग खालच्या कडेला, भाकरी तव्यावर एका बाजूने करपावी तसा डाग आला. त्याहून फार काही झालं नाही. बिंबाच्या व्यासाचा जेमतेम बारा टक्के भाग झाकला गेला. पावणेदोनला मध्य, मग डाग सरकत गेला. मुलगी म्हणाली, "एवढंच?" नवरा म्हणाला, "एवढंच." तरी आम्ही अडीचपर्यंत वर होतो.

खाली आल्यावर गोधड्या जमिनीवर टाकून गादीवर झोपलो.

रविवार

साडेसहाला निघायचं होतं, उठलो आठला. नवरा म्हणाला, कान्हेरी राहू दे, आवरून घेऊ. मी म्हणाले, जायचं. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मुंबईत जन्म गेला आणि दोघं मिळून कान्हेरीला एकदाही गेलो नव्हतो. ढीग पुढच्या रविवारीही असता. या निर्णयाची किंमत नंतर लागली. आमच्या गल्लीत भंगारवाला फक्त रविवारी सकाळी दहाच्या सुमारास येतो.

आरे स्थानकातून मेट्रोने राष्ट्रीय उद्यान. हा मार्ग त्याच वर्षी जानेवारीत पूर्ण सुरू झाला. रेल्वेच्या गोंधळाशी त्याला काही देणंघेणं नाही. गार हवा, बसायला जागा. फाटकावर तिकिटाची रांग, आतल्या बसची रांग, बस भरेपर्यंत थांबणं. लेण्यांच्या पायथ्याशी पोचायला दहा चाळीस झाले. म्हणजे सकाळची हवा गेली ती गेलीच.

कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, इसवीसनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं खोदत राहिलेली. सगळी बघायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघितलं. ओसरीच्या दोन टोकांना सात मीटरच्या आसपास उंचीचे दोन बुद्ध उभे आहेत. त्यांच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा माझा हात पोचला नसता. आत खांबांच्या रांगेतून चालताना चपलांचा आवाज स्वतःच्याच मागून येतो.

मग वरच्या पायऱ्या चढून एका छोट्या विहारात शिरलो. एक खोली, भिंतीलगत दगडातच कोरलेला ओटा, बाहेर पाण्याची पोढी. इथे जवळजवळ प्रत्येक लेण्याला अशी पोढी आहे. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी खोदलेल्या पन्हळींतून तिच्यात येतं. ऑक्टोबर संपत आला तरी काठोकाठ होती. नवऱ्याने ओट्यावर अंग टाकलं. मी भिंतीला टेकले. दगड गार होता. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा कोणी कोणाला काही सांगत नव्हतं.

बाहेर पांढऱ्या कपड्यांतली दोन कुटुंबं होती. आजोबा नातवाला सांगत होते की भिक्खू पावसाळाभर एका जागी राहायचे आणि काल, आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपला. नातवाने विचारलं, "मग सामान कुठे ठेवायचे?" आजोबा म्हणाले, "सामान कुठलं? चीवर आणि पात्र." नवऱ्याने डोळे न उघडता विचारलं, "ऐकलंस?" मी ऐकलं होतं.

चाळीस मिनिटं तिथे गेली. कारवीच्या जुनाट काड्यांमधून खाली उतरलो. ही २०१६ साली फुलली होती, आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे पुढच्या वर्षी. परत यायचं असं ठरवलं, कोणी लिहून घेतलं नाही.

घरी दोन वीसला. नाणेफेक झालेली, इंग्लंडने क्षेत्ररक्षण घेतलेलं. सूटकेस बाजूला ओढून टीव्हीपुढे तीन फूट जागा केली. आणि आता भाजणी.

शुक्रवारी रात्री मी चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ धुऊन पंच्यावर सावलीत पसरली होती. हे सगळं हॉलमध्ये सुकायचं होतं. हॉल गेल्यामुळे पंचे स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले. ओटा गेल्यामुळे शनिवार दुपारपासून घरात चहाखेरीज काही शिजलं नव्हतं. भाजणी भाजणं हेही दुधासारखंच. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, हात थांबवायचा नाही. तांदूळ मी भाजले. हरभऱ्याची डाळ नवऱ्याकडे होती, तेव्हा लखनऊत कोहली नऊ चेंडू खेळून शून्यावर गेला. दाराशी जाऊन बघून परत येईपर्यंत डाळीचा एक थर काळसर. "खमंग लागेल," तो म्हणाला. तीन बाद चाळीस झाले तेव्हा त्याने शेगडी माझ्याकडे सोपवली आणि मी काही बोलले नाही. न बोलण्याची सुरुवात इथे झाली, सोमवारी तास जुळवताना हे लक्षात आलं.

साडेपाचला भाजणी निवून डब्यात भरली, तो डबा घेऊन खाली गेला आणि पाच मिनिटांत डब्यासकट वर आला. गिरणी रविवारी दुपारी एकनंतर बंद.

रोहितच्या ८७ धावा, २३० चं लक्ष्य, शमी आणि बुमराहने इंग्लंडला १२९ ला गुंडाळणं हे सगळं आम्ही माळ्यावर सामान चढवताना ऐकलं. शिडीवर यावेळी तो होता. प्रत्येक विकेटला खाली उतरत होता, दहा विकेट म्हणजे दहा वेळा. नाव नसलेला चौथा ढीग जसाच्या तसा वर गेला. भंगार बाल्कनीत. पितळी डबा फक्त खाली राहिला. नऊला हॉल मोकळा झाला आणि मी खिचडी टाकली.

निदान

सात तास आम्ही रस्त्यावर काढले आणि पहिल्यांदा मला वाटलं, हेच कारण. रेल्वेला, ट्रॅफिकला दोष देणं सोपं असतं. पण ढीग शनिवारी सव्वाबारा ते रविवार रात्री नऊ असा जवळजवळ तेहेतीस तास हॉलमध्ये पडून होता, आणि बाकी जे जे बिघडलं ते त्याच्यामागून आलं. ओटा अडला, बाहेरचं खाणं झालं, झोप नीट लागली नाही, उशिरा उठलो, भंगारवाला चुकला, गिरणी चुकली.

घरकामं दोन जातींची असतात हे मला आधी दिसलं नाही. इस्त्री, पंखे, वाणसामान ही कधीही मोडता येतात. चार शर्ट झाले, फोन आला, प्लग काढला. माळा, दूध, भाजणी यांना मध्ये मोडता येत नाही. मोडलं तर काम अर्धं होत नाही, दुप्पट होतं. बारा कामं लिहिताना मी ती फक्त अवघड आणि सोपी अशी बघितली. आणि सगळ्यांत न मोडता येणारं काम अशा दिवशी पहिलं घेतलं, ज्या दिवशी आम्हाला मोडायचा हक्क दुसऱ्या कोणाकडे होता. ग्रहण कॅलेंडरवर छापलेलं होतं. सासूबाईंचा फोन येणार हे आठवडाभर आधी कळायला हरकत नव्हती.

नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, बारा कामं लिहिलीस हीच चूक, सहा लिहायची होतीस. मला ते पटत नाही. सहा लिहिली असती तर माळा त्यात होताच, आणि पहिलाच असता.

पुढच्या शनिवारी, ४ नोव्हेंबरला, तो बँकेत आणि मी अर्धा दिवस ऑफिसात. दुपारनंतर नुसती मोडता येणारी कामं काढली. पंखे, इस्त्री, पंख्यांतून उडालेली धूळ पुन्हा पुसणं. रविवारी दहा वाजता भंगारवाल्यासाठी एकजण घरी थांबला, दुसरा वाणसामान घेऊन आला. मखर भंगारवाल्याने घेतलं नाही.

राहिलेली एक नोंद

सोमवार, ३० ऑक्टोबर, सकाळी सव्वासात. भाजणीचा डबा घेऊन मी गिरणीत उभी. पुढे गव्हाचे सात-आठ डबे, आणि बाजूच्या फळीवर आमच्यासारख्याच चकलीच्या भाजण्यांचे तीन. मी म्हटलं, माझी एवढी मधे काढून द्या ना, लोकल गाठायचीये.

गिरणीवाल्या काकांनी पट्ट्यावरची नजर काढली नाही. "गव्हाचं सगळं संपलं की मग भाजण्या एकदम, ताई. मधे नाय घालत. पहिल्या डब्यात दुसऱ्याचं पीठ येतं, मग जाळी साफ करा, परत गहू टाका. संध्याकाळी या."

आमच्याकडे याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. मागच्या मालाचं एकही लेबल लाइनवर शिल्लक नाही असं दोघांनी सही करून दिल्याशिवाय पुढचा माल चढत नाही. त्याची मी वर्षातून दोनदा ट्रेनिंग घेते.

डब्यावर खडूने खोली नंबर लिहिला आणि स्टेशनकडे पळाले. माझी रोजची गाडी रद्द झालेल्यांत होती.